पावतीवरचे नऊ ठिपके

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, पेठेतल्या एकाही मित्राला नाही. आई जाण्याआधी चार महिने अंथरुणाला खिळून होती, रोज तिच्या उशाशी बसायचो, तेव्हा तिलाही नाही. आज सांगतोय ते मन मोकळं करायला नव्हे. मन मोकळं करायचा हक्क माझ्यासारख्याला नाहीच. राग आलाय म्हणून सांगतोय. गेल्या महिन्यापासून डोकं फिरलंय नुसतं — बायकोवर खेकसतो, गिऱ्हाइकावर खेकसतो, परवा तर एका म्हाताऱ्या बाबांवर ओरडलो, ते बिचारे चार्जरची पिन नीट बसत नाही एवढंच सांगत होते. ज्याच्यावर ओरडायला पाहिजे त्याला मात्र मी काही बोलत नाही. त्याला वेळेवर जेवायला घालतो, दुपारी झोपू देतो.

मी कोल्हापुरात मोबाईल दुरुस्त करतो. पेठेतच, गल्लीच्या तोंडाला, आठ बाय दहाचं दुकान. पंधराएक वर्षं झाली. नाव संदीप, पण पेठेत संद्या म्हटल्याशिवाय कुणी ओळखायचं नाही.

तुमच्या फोनला पॅटर्न असेल तर माहीतच असेल. पडद्यावर नऊ ठिपके येतात, बोट न उचलता एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची, बरोबर असली की फोन उघडतो. आता बोटाचा ठसा आलाय, नुसतं तोंड दाखवलं तरी उघडतं, पण तेव्हा सगळी पेठ रेघाच ओढायची. आणि काय काढतात माणसं? आपल्या नाहीतर पोराच्या नावाचं इंग्रजी अक्षर. एकदा बसला की वर्षानुवर्षं तोच. फोन बदलतील, पण पॅटर्न बदलणार नाहीत, कारण बोटाला सवय लागलेली असते. आणि झाकतात किती — एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसापासून तळवा आडवा धरून झाकतात. अरे, त्या अनोळख्याला तुमच्या फोनशी काय घेणंदेणं? झाकायचं कुणापासून असतं, हे कधी कुणाला कळलंय का?

दुरुस्तीला फोन आला की आम्हाला पॅटर्न लागतो. काच बदलली की टच चालतोय का, आवाज येतोय का, बघावं लागतं. लोक तोंडी सांगायचे — वरनं खाली, मग तिरकं, मग जरा वर — आणि गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत मी विसरायचो. म्हणून मी एक रबरी शिक्का करून घेतला, नऊ ठिपक्यांचा. पावतीवर शिक्का मारायचा, पेन पुढं करायचं, गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं रेघ ओढून देणार. सुरुवात कुठली ते कळावं म्हणून पहिल्या ठिपक्याला गोल करायला सांगायचो. वरची पावती त्यांना, खालची कार्बनची माझ्याकडं, तारेला ओवून. मला त्या शिक्क्याचं लय कौतुक होतं. अख्ख्या पेठेनं आपापलं कुलूप कसं उघडतं ते मला काढून दिलेलं होतं, आणि ते माझ्या भिंतीवर उघड्यावर टांगलेलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनाही नाही. ओळखीचा माणूस आहे की, मग काय.

हे सगळं पाल्हाळ मी का लावलंय? मुद्द्यावर यायचं टाळतोय, दुसरं काय.

तर, अमर. माझा मित्र. एका गल्लीतले आम्ही, पेठेच्या संघातनं दोघं फुटबॉल खेळलो. तो पुढं, मी मागं बचावाला. इथं पेठेचा संघ म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मॅच असली तर लोक साखरपुडा पुढं ढकलतात. आणि संघात एकत्र खेळलेल्या माणसाचं सगळं पोटात घालायचं, असा आमचा कायदा. कुणी केला, कुठं लिहिलाय, देव जाणे. अमरची दारू पोटात घातली. त्यानं पंचाच्या कानाखाली काढली, ती पोटात घातली. त्याच्या घरातनं भांडी आदळल्याचा आवाज यायचा, तेव्हा आम्ही पाच-सहा जण कट्ट्यावर बसून एकमेकांकडं न बघता विषय बदलायचो. भले मर्द आम्ही. मैदानात एकमेकांसाठी नडगी फोडून घ्यायचो.

त्याची बायको म्हणजे अश्विनी वहिनी. माहेर गडहिंग्लजकडं. लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातला कानडी हेल ऐकून नळावरच्या बायका हसायच्या, आणि वहिनी पण त्यांच्याबरोबर हसायच्या. पुढं पुढं त्यांचं हसणं कमी झालं. का झालं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांना एकच मुलगी, तन्वी. मी सांगतोय त्या वेळी ती आठ वर्षांची होती. आता त्याला नऊ-दहा वर्षं होऊन गेली.

एका सकाळी वहिनी दुकानात आल्या. फोनची काच फुटून आतला डिस्प्ले काळा पडलेला. जिन्यावरनं पडला म्हणाल्या. जिन्यावरनं पडलेला फोन कोपऱ्यात फुटतो. हा मधोमध फुटला होता, कुणीतरी भिंतीवर मारल्यासारखा. मला ते दिसत होतं, धंदाच आहे माझा. पण मी विचारलं नाही. पावतीवर शिक्का मारला आणि पेन पुढं केलं. त्यांनी रेघ ओढली, पहिल्या ठिपक्याला गोल केला. पेन खाली ठेवताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यातलं काय जायला नको हां. चार दिवस जास्त लागू देत."

मी म्हटलं, काळजीच करू नका वहिनी.

आता हे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही मला अडाणी समजून सोडून द्याल. नवीन डिस्प्ले बसवला की स्पीकर तपासायला मी फोनमध्ये जे सगळ्यात वर सापडेल ते लावतो. गाणं असेल, व्हिडिओ असेल, काहीही. सगळे दुरुस्तीवाले तसंच करतात. वहिनींच्या फोनमध्ये गाणी नव्हती, रेकॉर्डिंग होती. वरचं लावलं, तर अमरचा आवाज. काय म्हणत होता ते मी लिहिणार नाही. मैदानावर त्याला शंभर वेळा ओरडताना ऐकलंय मी, पण हे ओरडणं नव्हतं. सावकाश, एकेक शब्द मोजून तो त्या बाईला सांगत होता की तिचं तो काय करणार आहे. मग काहीतरी पडलं. मग पोरीचा आवाज आला, "पप्पा, नको की." मिनिटभर ऐकलं असेल मी. खाली तसल्या रेकॉर्डिंगची यादीच होती. फोटो होते, दंडाचे, पाठीचे. ते उघडले नाहीत. लहान लहान चौकोनांत दिसले तेवढ्यात कळलं. मी फोन बंद केला आणि पावतीवर लिहिलं — स्पीकर ओके.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ध्यानात घ्या. पुढं मी जे केलं ते माहीत असून केलं.

वहिनी फोन घेऊन गेल्या, सगळं जागेवर आहे ते बघून दोनदा "लय उपकार झाले" म्हणाल्या. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, अमर आला. समोरच्या गाड्यावरनं दोन चहा घेऊन आला होता, एक माझ्यासाठी. काउंटरला टेकून म्हणाला, रविवारी सासरची माणसं यायलीत, सासरा आणि मेव्हणा, घरात बैठक बसणार आहे. वहिनींनी भावाला फोनवर सांगितलं होतं की माझ्याकडं सगळं आहे, तुम्ही या, तुम्हाला ऐकवते. अमरच्या आईनं ते दाराआडनं ऐकलं होतं. ते सगळं भावाला आधीच फोनवर का पाठवलं नाही म्हणाल, तर भाऊ तापट. त्यानं ऐकलं असतं तर त्याच दिवशी चार माणसं घेऊन आला असता आणि डोकी फुटली असती. वहिनींना मारामारी नको होती. चार वडीलधाऱ्यांसमोर खरं काय ते दाखवायचं, आणि पोरीला घेऊन निघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

अमर म्हणाला, "तुझ्याकडं दिलता की तिनं फोन. पॅटर्न असंल की तुझ्याकडं."

इथं तुम्हाला वाटेल, त्यानं दम दिला असेल. नाही. गळपट धरलं असेल? नाही. पिऊन आला होता? तेही नाही, चांगली आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. काही देऊ केलं? चहाशिवाय काही नाही. एवढंच म्हणाला, "घरातलाच फोन हाय की रं. परक्याचा मागतोय व्हय?"

घरातलाच. या शब्दाची मला इतकी चीड आहे की आजही कुणी काउंटरवर म्हटलं तर तळपायाची आग मस्तकात जाते. घरातलाच फोन, घरातलीच बायको, घरातलंच भांडण. पण ही चीड आजची. त्या दुपारी मला तो शब्द पटला होता का? नव्हता. पटला नव्हता, तरी चालला. 'पावती टाकून दिली बाबा' — एवढं म्हणायचं होतं. अमर चहा संपवून गेला असता. जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलोय, उद्या देतो, पार्ट आला नाही, मेकॅनिक गावाला गेलाय. धडधडीत खोटं. आणि जिथं खोटं बोलायला पाहिजे होतं तिथं माझी जीभ रेटली नाही. मित्राला नाही कसं म्हणायचं? पेठेत तोंड कसं दाखवायचं?

मी तारेवरच्या पावत्या चाळल्या. त्या तारेला सापडली नाही. तेव्हा थांबता आलं असतं. मी दुसरी तार काढली. सापडली. काउंटरवर ठेवली. त्याला कार्बनची रेघ नीट कळेना, तर मी — मी त्याला काउंटरच्या काचेवर बोटानं काढून दाखवलं. "वरनं न्हवं, खालनं. हितनं सुरू कर. बोट उचलू नगो." त्यानं काचेवर काढून बघितलं, चुकला. मी परत दाखवलं. शिकवलं मी त्याला.

जाताना म्हटलं, माझं नाव घेऊ नको. तो हसला, "येडा हायस का," म्हणाला आणि पाठीवर थाप मारून गेला. आणि खरं सांगू का? त्या थापेनं मला बरं वाटलं होतं.

रविवारी अमरनं मला बैठकीला बोलावलं. आपल्या बाजूनं चार माणसं दिसावीत म्हणून संघातले आम्ही तिघं. मी गेलो. नाही येत, म्हणण्याएवढीही लाज उरली नव्हती. वहिनींचे वडील, अप्पा म्हणायचे त्यांना, पहाटेची एस.टी. धरून आलेले, डोक्याला पांढरी टोपी, भिंतीला पाठ न लावता ताठ बसलेले. भाऊ त्यांच्या शेजारी, मुठी आवळून. अमरचे चुलते मध्ये. पोहे झाले, चहा झाला. मग अप्पा म्हणाले, "अश्विनी, काय हाय ते लाव बाळ. समद्यास्नी ऐकू दे."

वहिनींनी पदराला हात पुसले. फोन घेतला, बोटानं रेघ ओढली. मी ते बोट बघत होतो. फोन उघडला. त्या बोट वर-खाली करत राहिल्या. फोन बंद करून परत चालू केला. परत शोधलं. फोटोत बघितलं, मेसेजमध्ये बघितलं. माणसांतला एकेक जण खाकरायला लागला. वहिनींनी अमरकडं एकदाही बघितलं नाही. त्या फोनकडंच बघत होत्या आणि पुटपुटत होत्या, "हितंच होतं. अप्पा, देवाशपथ हितंच होतं."

अमरचे चुलते सुपारी कातरत म्हणाले, "पावणं, बाईमाणूस रागाच्या भरात काय बी बोलतंय. मनाला लावून घेऊ नका."

भाऊ तसाच उठला आणि चपला घालून बाहेर जाऊन उभा राहिला. अप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "संसार कर बाई," एवढंच म्हणाले. आपल्या लेकीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण त्या माणसाला परक्या घरात, आठ-दहा पुरुषांसमोर, पोरीच्या हातात काहीच नाही हे बघावं लागलं, आणि त्यांची मान खाली गेली. ती मी घातली खाली. अमरनं नाही, मी.

आणि मी त्या वेळी काय केलं? चहाचे कप गोळा करून आत नेऊन ठेवले. मदत केली. स्वयंपाकघराच्या दाराआड दोन पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर पोरीचं शाळेचं दप्तर. त्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्या मायलेकी जाणार होत्या. मी कप मोरीत ठेवले आणि पिशव्यांना पाय लागू नये म्हणून जपून बाहेर आलो.

इथवरचं ऐकून तुम्हाला वाटत असेल की हाच तो कबुलीजबाब. नाही. एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. माझी मला चांगली ओळख आहे, मी नक्की गप्प बसलो असतो. खरं पुढंच आहे.

मंगळवारी शाळा सुटायच्या वेळेला वहिनी दुकानात आल्या, तन्वीचा हात धरून. पुसलेलं परत येतं का विचारलं. येतं. फोन कॉम्प्युटरला जोडून बघायला लागतं, लगेच आणला तर बऱ्याचदा थोडंफार तरी यायचं. मी फोन हातातसुद्धा घेतला नाही. गेलं ते गेलं वहिनी, म्हणालो. का म्हणालो? परत आलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — पुसलं कुणी, आणि त्यानं उघडलं कसं?

तो प्रश्न तरीही आलाच. "भाऊजी, पॅटर्न तुमच्याशिवाय कुणाला म्हाईत न्हाई. तुमी कुणाला दाखवला न्हाईसा न्हवं?"

त्या संशयानं विचारत नव्हत्या. मी नाही म्हणावं अशीच त्यांची इच्छा होती, डोळ्यांत दिसत होतं. आणि मला राग आला. ऐकताय ना — मला राग आला, त्यांचा. मी आवाज चढवला. माझ्या दुकानात असले धंदे चालत नाहीत म्हणालो. अख्खी पेठ माझ्यावर भरवसा ठेवते म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. पलीकडं उभ्या असलेल्या तन्वीकडं बोट केलं. "तुमच्या पोरीला म्हाईत असंल की. पोरं बघत असत्यात, वहिनी. बापानं गोडीत विचारलं असंल, दिलं असंल सांगून."

तन्वी काउंटरला लावलेली कव्हरं बघत होती. एका कव्हरवर ससा होता, त्याच्या कानावरनं बोट फिरवत होती. आपल्याबद्दल बोलतायत हे तिला आधी कळलंच नाही.

वहिनी वळल्या. "तू सांगितलंस?" पोरगी नाही म्हणाली. परत विचारलं, परत नाही म्हणाली. आणि मग त्या बाईनं — पोरीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं त्यांनी, घरात मार खाणारी एक पुरे म्हणायच्या — माझ्या दुकानाच्या पायरीवर तिला मारलं. पाठीवर, दंडावर, जिथं हात पडेल तिथं. मारता मारता स्वतः रडत होत्या. मी काउंटरच्या आत उभा होतो. काउंटरची फळी उचलून बाहेर यायला किती वेळ लागतो? एक क्षण. माझा हात फळीवर होता, पण मी ती उचलली नाही. चौथ्या का पाचव्या फटक्याला तन्वी म्हणाली, "व्हय आई. मी सांगितलं."

मार थांबावा म्हणून म्हणाली. मला समोर लख्ख दिसत होतं. तिच्या आईला कसं दिसणार? त्यांचं सगळं गेलं होतं आणि का गेलं याचं एक उत्तर त्यांना पाहिजे होतं, ते मी हातात दिलं होतं. माझा गुन्हा एका आठ वर्षांच्या पोरीनं कबूल केला, आणि मी तो करू दिला. त्या दोघी गेल्यावर मी पायरी झाडली आणि पुढचा फोन उघडायला घेतला.

वहिनी त्या घरातनं कधी गेल्या नाहीत. अजून तिथंच आहेत. आता कपड्याच्या दुकानात कामाला जातात, मान खाली घालून गल्लीतनं जातात-येतात. माझी बायको एकदा सहज बोलता बोलता म्हणाली, माहेरचा फोन आला की अश्विनी वहिनी पोरीला बाहेर पाठवतात, हिच्या पोटात काही राहत नाही म्हणतात. मी भाकरी मोडत होतो. मी म्हटलं, असेल. अमर? अमरला काय धाड भरलीय. दारू थोडी कमी झालीय, पोट सुटलंय, मॅचच्या दिवशी झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं असतो. मी त्याच्याशी बोलणं तोडलं असं सांगितलं असतं तर तुम्हाला जरा बरं वाटलं असतं ना? तोडलं नाही. तो नऊ ठिपक्यांचा शिक्का जाळून टाकला असं सांगितलं असतं तर? जाळला नाही. झिजला म्हणून मध्ये नवीन करून घेतला. माझ्याकडनं असली काही अपेक्षा धरू नका.

गेल्या महिन्यात तन्वी दुकानात आली. एकटीच. मी पहिल्यांदा ओळखलं नाही, उंच झालीय, अप्पांसारखी ताठ उभी राहते. मिरजेला नर्सिंगला नंबर लागला होता, दुसऱ्या दिवशी होस्टेलला निघणार होती. नव्या फोनला गार्ड बसवायचं होतं. मी बसवलं, बुडबुडे काढले, टच बघायला फोन उघडून दे म्हटलं. तिनं बोटानं नुसतं वर सरकवलं. लॉकच नव्हतं. मी म्हटलं, होस्टेलला चाललीस, काहीतरी लॉक ठेव की, पॅटर्न तरी ठेव.

"नको काका," म्हणाली. "मला त्या ठिपक्यांची भीतीच वाटते." मग फोनकडंच बघत बोलली. "लहान असताना मी आईचा पॅटर्न पप्पांना सांगितलेला. हितं तुमच्याच पायरीवर मारलं होतं आईनं, तुमच्या ध्यानात नसंल. मला सांगितल्याचं आठवत न्हाई ओ. लय आठवून बघितलं. पण मीच सांगितलं असणार, मी कबूल केलतं की. माझ्यामुळं आईला तिथंच राहायला लागलं."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. अमर नव्हता, संघ नव्हता, पेठ नव्हती, मला धरून ठेवणारं कुणी म्हणजे कुणीसुद्धा नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. तन्वी, तू नव्हतीस, मी होतो. ती उद्या मिरजेला गेली असती ते वेगळी होऊन गेली असती. आईकडं आधी पळत गेली असती.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ दे बाळ. लहान होतीस तू."

माफ केलं मी तिला. माझ्या पापाबद्दल मी तिला माफ केलं. तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, काका, म्हणाली. मग ती काउंटरची फळी उचलून आत आली, वाकून माझ्या पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.